पाट्याचं लेकरू

आईने देव बरोबर आणले आहेत हे मला हीथ्रोच्या कार पार्कमध्ये कळलं. तिची मोठी बॅग मी डिकीत ठेवली आणि खांद्यावरची कापडी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती छातीशी धरली.

"ही राहू दे माझ्या मांडीवर. देव आहेत."

"कुठले देव?"

"कुठले म्हणजे? आपले. आणखी कुठले असतात?"

अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, घंटा. पुण्याच्या फ्लॅटमधलं सगळं देवघर त्या पिशवीत होतं. आपल्याकडे माणूस काही महिने मुलाकडे जातो तेव्हा देव शेजारी ठेवून जातो, नाहीतर कुणाला तरी फूलपाणी करायला सांगून जातो. देव बरोबर घेतो तेव्हा तो घर बदलत असतो. हे मला सांगायला कुणी नको होतं. त्याच वेळी, गाडी सुरू करण्याआधी, मी तिला सांगायला हवं होतं की आई, तुझ्या पासपोर्टवरचा व्हिसा पाहुण्यांचा आहे, सहा महिन्यांनी तुला परत जावं लागेल. मी पार्किंगचं तिकीट कुठल्या खिशात ठेवलं ते शोधत राहिलो.

वडील गेल्यावर फोनवर मी तिला म्हणालो होतो, "आता इकडेच ये." त्या वाक्याचा मला काय अर्थ अभिप्रेत होता हे आज विचारलं तर मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. तिथे ती एकटी आणि मी इथे मेडनहेडमध्ये ऑफिसच्या जिन्यात उभा, काहीतरी बोलणं भाग होतं. पण तिने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. दूध बंद केलं. डब्यांतले डाळ-तांदूळ कामवाल्या मावशींना दिले, कुकर शेजारणीला दिला. आणि गॅसचं कनेक्शन सरेंडर करून आली. हे तिने मला गाडीत, एम-फोर हायवेवर, मोठ्या समाधानाने सांगितलं. "उगीच कशाला अडकवून ठेवायचं? कुणा गरजूला मिळेल."

घरी आल्यावर मोठ्या बॅगेतून तिने जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं एक जड गाठोडं काढलं. माझ्या बायकोने ते उचलायला घेतलं आणि खाली ठेवलं. "आई, काय आहे हो हे?"

"वरवंटा."

"आणि पाटा?"

"तो कोण उचलणार? आहे तिथेच, भिंतीला टेकवून."

आमच्या घरात मिक्सर आहे, वर एक छोटा ग्राइंडरही आहे. पण वरवंटा का आणला हे मला माहीत होतं. माझ्या बारशाला तो माझ्याआधी पाळण्यात गेला होता. आमच्याकडे तशी रीत आहे. वरवंट्याला झबलं-टोपडं घालतात, कुंकू लावतात, बायका पाळण्याखालून वरून तो एकमेकींच्या हातात देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत. मग पाळण्यात मूल येतं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे त्या वरवंट्याला पाळण्यात जाण्याची वेळ पुन्हा आली नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या फ्लॅटमध्ये एक फिलिपिनो बाई राहते, माझ्याहून थोडी लहान, जवळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. मागची छोटी बाग तिच्या वाट्याची आहे. आम्ही इतकी वर्षं तिच्याशी कचऱ्याचे बिन बाहेर ठेवायच्या वाराबद्दल आणि बॉयलरबद्दल बोलत होतो. आई पहिल्याच आठवड्यात तिच्या बागेत जाऊन बसली.

झालं असं की आईला पाट्यावाचून चैन पडेना. बागेच्या कोपऱ्यात सिमेंटच्या फरशा रचलेल्या होत्या. तिने खुणेने परवानगी मागितली, एक फरशी घासूनपुसून घेतली आणि तिच्यावर शेंगदाणा-लसणीची चटणी वाटली. रात्री जेवताना दाताखाली कच आली.

"आई, यात सिमेंट आहे," बायको म्हणाली.

"तुमच्या भिंतींत नाही तेवढं. परवा खिळा ठोकायला गेले तर हात आत गेला."

फरशीचा तो उद्योग तिने तरीही सोडला नाही. चटणी कुणी खाल्ली नाही तरी चालेल, वाटायला मिळालं की झालं. खालची बाई रविवारी सकाळी बागेत खुर्ची टाकून फोनवर बोलायची, आई शेजारी बसून वाटायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईला इंग्रजीतले थँक्यू, सॉरी, बेबी एवढेच शब्द यायचे. पण वर खिडकीतून मला दोघींचे आवाज ऐकू येत आणि कधी कधी कोण कुठल्या भाषेत बोलतंय हे पटकन कळत नसे.

एका रविवारी आईने विचारलं, "ती फोनवर सारखं अनाक, अनाक म्हणते, ते काय?"

"मला काय माहीत? पोरीचं नाव असेल."

"नाव नाही. नाव असं हाक मारल्यासारखं म्हणतात. ती हे मध्ये मध्ये घालते. आणि पहिलं वाक्य जेवलीस का असं असतं."

"तुला कसं कळलं?"

"त्यावर पलीकडची पोर चिडते ना!"

मी खाली जाऊन विचारलं. बाई हसली. पहिलं वाक्य खरंच तेच होतं, जेवलीस का. आणि अनाक म्हणजे मूल. मुलगा नाही, मुलगी नाही, नुसतं मूल. पाच वर्षांचं असो की पन्नास. तिची मुलगी तिकडे बहिणीकडे वाढली. ही इथे आली तेव्हा ती चालायला शिकत होती, आता कॉलेजात आहे. "तिला मी फोन केलेला आवडत नाही," ती म्हणाली. "पण उचलते. तेवढं करते."

आईला मी सांगितलं, "मूल असा अर्थ आहे."

"म्हणजे लेकरू," आई म्हणाली आणि वाटत राहिली. "मूल म्हणजे कुणाचंही. लेकरू म्हणजे आपलं."

तोवर मी हाउन्सलोच्या एका वकिलाला भेटून आलो होतो, कुणालाही न सांगता. तो गुजराती होता, अनुभवी होता, माझ्यासारखे मुलगे त्याने पुष्कळ पाहिले असणार. त्याने आधी विचारलं, आईला स्वतःची आंघोळ करता येते का, स्वयंपाक करता येतो का, जिना चढता येतो का. मी मोठ्या अभिमानाने हो, हो, हो म्हणत गेलो. त्याने पेन खाली ठेवलं. "तुमची आई फार ठणठणीत आहे," तो म्हणाला. कायमचं राहायचं असेल तर दुसऱ्याच्या मदतीशिवाय जगता येत नाही अशी अवस्था हवी, ती मदत तिकडे पैसे देऊनही मिळत नाही हे दाखवता यायला हवं, आणि अर्ज तिकडे असतानाच करायला हवा. तो आणखी बोलत होता. मला मात्र आईची गुडघ्यात पाय दुमडून फरशीवर पुढे-मागे होणारी पाठ दिसत होती. परतताना पिकॅडिली लाइनच्या ट्रेनमध्ये बसलो असताना माझ्या मनात आलं की ती जरा आजारी असती तर. असं वाटलं मला. आईबद्दल.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कुठे गेला होतास?"

"मीटिंग होती."

ती अधूनमधून विचारायची, "माझं कागदपत्रांचं होतंय ना रे?" मी म्हणायचो, "बघू. चाललंय." आपल्या घरांत 'बघू' म्हणजे नाही हे लहान पोरालाही कळतं. तिला कळत नव्हतं असं मी समजत होतो.

मी तो अनाक शब्द मात्र शोधत बसलो. माणसाला करायचं ते करता येत नसलं की तो असं काहीतरी हाती घेतो. ऑफिसात एक मलेशियन सहकारी आहे, वयाने माझ्याएवढीच. तिला विचारलं तर म्हणाली, "अनाक? हा तर आमचा शब्द." मी म्हणालो, फिलिपिन्समधलाही आहे. ती म्हणाली, असेल, आम्ही सगळे एकाच होडीतून उतरलोय. ते फार चुकीचं नव्हतं. भाषेचा अभ्यास करणारे मानतात की हजारो वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने माणसं होड्यांतून निघाली. फिलिपिन्स, बोर्निओ, सुमात्रा करत पसरत गेली, आणि त्यांच्यातली काही अख्खा हिंदी महासागर ओलांडून मादागास्करला पोचली. तिथे आजही मुलाला झानाका म्हणतात. म्हणजे शेतं बदलली, देव बदलले, राजे बदलले, आणि मुलाला म्हणायचा शब्द होडीत राहिला. मी हे वाचताना माझ्या मनात सारखं दुसरंच येत होतं. होडीत बसून जे गेले त्यांच्याकडे तो शब्द राहिला हे ठीक. पण जे किनाऱ्यावर मागे राहिले त्यांच्याकडेही तोच राहिला. बायका तिथे उभ्या राहून गेलेल्याला अनाकच म्हणत असणार.

माझ्या सहकारिणीने सांगितलं की मलय भाषेत या शब्दाने पुष्कळ संसार केलाय. किल्ली ही कुलुपाचं मूल. जिन्याची पायरी ही जिन्याचं मूल. बाण धनुष्याचं, ओढा नदीचं. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही डोळ्याचं मूल म्हणतात. आपण तिथे बाहुली ठेवली. मोठ्यातून सुटून निघालेलं, पण मोठ्यावाचून ज्याचा उपयोग नाही, ते सगळं अनाक. घर सोडून परमुलुखात राहणाऱ्यालाही जुन्या बोलीत असंच एक नाव आहे, अनाक दागांग. "म्हणजे तू आणि मी," ती म्हणाली.

एकदा डब्यात आईची चटणी होती, सिमेंटविना, मिक्सरमधली. त्या सहकारिणीला दिली आणि सांगितलं की आई घरी दगडावर वाटते, पण पाटा पुण्यात राहिलाय आणि नुसताच वरचा दगड घेऊन आलीय.

ती खाता खाता थांबली. "वरच्या लांब दगडाला आमच्याकडे काय म्हणतात माहितीये? अनाक. खालचा दगड आई, वरचा मूल."

त्या दिवशी मी घरी लवकर आलो. आई बागेत होती. मी तिला सांगितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"मग? दुसरं काय म्हणणार? आपण पाळण्यात घालतो ते उगीच का?" मग म्हणाली, "त्यांच्यातही घालतात का, विचार."

"विचारलं. तिला माहीत नाही."

"पाळण्यात घालताना म्हणायचं, याच्यासारखं घट्ट आयुष्य लाभो. मी तुझ्या वेळी म्हटलं. देवाने आयुष्य दिलंच, डोकंही तसंच दिलं."

खालची बाई आमच्याकडे पाहत होती म्हणून मी तिलाही इंग्रजीत सांगितलं की हा या फरशीचा अनाक. तिने वाकून वरवंट्यावर हात ठेवला, आणि मग फरशीकडे बोट करून मान हलवली. ही याची आई नाही, असं तिला म्हणायचं होतं. आईला भाषांतर लागलं नाही.

"नाही ना," आई म्हणाली. "याची आई तिकडे आहे."

मी तिथेच गवतावर बसलो आणि बोललो. व्हिसाचं सांगितलं, वकिलाचं सांगितलं, तू ठणठणीत आहेस म्हणून जमत नाही हेही सांगितलं. माझा आवाज चढत गेला, जणू तिनेच काही केलं होतं. ती ऐकत होती. दाण्यांचा कूट बोटाने मध्यभागी गोळा करत होती.

"मीटिंगला गेला होतास तेव्हाच ना?"

"हो."

"ऑफिसचे बूट न घालता मीटिंगला गेलास. तेव्हाच कळलं मला." मग म्हणाली, "गॅसचा नंबर परत लावावा लागेल. आता किती दिवस घेतात कोण जाणे."

एवढंच. ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाया पडता आलं असतं. तिने मला गॅसबद्दल बोलायला लावलं. आम्ही दोघं बराच वेळ गॅसबद्दल बोललो.

जायचा दिवस आला. आईसाठी आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तिचे पाय उत्तम आहेत. पण भाषा येत नाही म्हणून आपल्याकडचे सगळे आईवडील हीथ्रोवर व्हीलचेअरमध्ये बसतात, म्हणजे ढकलणारा माणूस बरोबर गेटपर्यंत नेतो. राहायला ती फार धडधाकट होती, आणि जाताना आम्ही तिला खुर्चीत बसवलं.

चेक-इनला मोठी बॅग जास्त भरली. मग आपण करतो तेच केलं: रांगेच्या बाजूला जमिनीवर बॅग उघडली, बायको एकेक वस्तू काढू लागली. बदाम, चॉकलेटं, खालच्या बाईने दिलेला स्वेटर.

"ते नऊवारीतलं काढ," मी म्हणालो. "सगळं वजन त्याचंच आहे."

"माझ्या पिशवीत दे," आई म्हणाली. "देवांजवळ राहील."

मी गाठोडं देवांच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी तिच्या मांडीवर. मी वर्षातून कितीतरी वेळा विमानाने जातो. सिक्युरिटीला पाण्याची बाटली चालत नाही, नेलकटर काढून घेतात, हे मला झोपेतही सांगता येईल. पण तो दगड आहे, हातोड्यासारखा दगड आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायकोच्याही आलं नाही. इतके महिने आम्ही त्याला दुसरंच काही म्हणत होतो.

निघताना नमस्कार केला. आई म्हणाली, "येते." जाते म्हणायचं नाही, म्हणून येते. खुर्ची वळून आत गेली.

आम्ही कारपाशी पोचतो तोच तिचा फोन. "अरे, ही बाई वरवंटा काढून घेतेय."

फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. आवाजावरून पंजाबी असावी, इथलीच वाढलेली. "सर, तुमच्या आईंच्या बॅगेत हे काय आहे?"

मी म्हणालो, मसाला वाटायचा दगड आहे.

"त्या बेबी, बेबी म्हणतायत. आम्ही जरा घाबरलो." मागे आई काहीतरी बोलत होती. "माताजी, एक मिनिट. सर, हे केबिनमध्ये जाणार नाही. बॅग गेलीये, त्यात टाकता येणार नाही. एक तर मी इथे बिनमध्ये टाकते, नाहीतर व्हीलचेअरचा माणूस बाहेर आणून देईल. आईंना बाहेर पाठवलं तर त्यांची फ्लाइट चुकेल."

"मी आत येऊ का?"

"नाही, सर."

"एक मिनिट फक्त. तिला समजावून सांगतो."

"सॉरी, सर." ती खरंच सॉरी होती, आवाजावरून कळत होतं. तिने आईला फोन दिला. मी म्हणालो, "आई, दे त्यांना. मी ठेवतो माझ्याकडे." आई म्हणाली, "तिकडे पाटा..." आणि मग म्हणाली, "बरं."

मी बॅरियरपाशी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आईची खुर्ची ढकलत नेलेला माणूस गाठोडं काखेत मारून आला. त्याने ते माझ्याकडे दिलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "त्यांनी तुम्हाला सांगायला काहीतरी सांगितलं. दोनदा सांगितलं. पण मला तुमची भाषा येत नाही, सॉरी. लक्षात नाही राहिलं."

"एखादा शब्द?"

त्याने आठवून पाहिलं. मग मान हलवली.

तिचा फोन बंद लागत होता. गाडीत मी गाठोडं पुढच्या सीटवर ठेवलं, बायको मागे बसली. निघालो तर गाडी वाजायला लागली; पुढच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही असं तिला वाटत होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि वरवंट्याला सीटबेल्ट लावला. बायको हसली.

घरी पोचलो तेव्हा खालची बाई ड्युटीवर निघाली होती. माझ्या हातातलं नऊवारी तिने ओळखलं. काय झालं ते मी सांगितलं. तिने दोन्ही हात पुढे केले, गाठोडं घेतलं, थोडा वेळ तसंच धरून उभी राहिली आणि परत दिलं. तिची बस आली होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. पोचली होती. गॅसचा नंबर लावला होता, तोवर शेजारीण डबा देणार होती. स्वतःच्याच कुकरमधला भात आपल्याला डब्यात येतोय म्हणून ती हसत होती. देव जागेवर बसवले. पाटा धुतला आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.

मी विचारलं, "त्या माणसाजवळ काय निरोप दिला होतास? त्याला सांगता आला नाही."

"काही नाही रे. म्हटलं, त्याला सांग दोन्ही हातांनी धर. जड आहे, निसटतो."

पुढच्या सुट्टीत वरवंटा घेऊन येतो, असं मी म्हणणार होतो; पण सुट्टी कधी मिळेल ते ठाऊक नव्हतं, आणि 'बघू' आता माझ्या तोंडून निघत नव्हतं. मग तिनेच विचारलं, "जेवलास का?"

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.